टेकन ७ कुठे मांडायचा? वाशीतल्या एका फायटिंग गेम गटाचं प्रकरण

२६ जानेवारी २०२४ला टेकन ८, म्हणजे दोघांनी समोरासमोर लढायच्या टेकन या व्हिडिओ गेमचा नवा भाग, आला, आणि वाशीत महिन्यातून एकदा जमणाऱ्या एका गटापुढे प्रश्न उभा राहिला: टेकन ७ बंद करायचा की चालू ठेवायचा? पुढच्या सव्वा वर्षात या गटाने तीन वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या. दोन फसल्या, तिसरी टिकली. जुन्या-नव्याचा हा पेच प्रत्येक फायटिंग गेम गटाला दर काही वर्षांनी पडतो, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडत आहोत.

आधी गटाची स्थिती. वाशी स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गेमिंग लाउंजची वरची खोली, रविवारी दुपारी १२ ते संध्याकाळी ७. येणारे साधारण वीस ते चोवीस. जवळपास निम्मे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात, बाकीचे नेरूळ, खारघर, कोपरखैरणे इथले. खोलीत चार पीएस४ (प्लेस्टेशन ४ कन्सोल), चारही टेकन ७साठी, आणि कोपऱ्यात एक साधा पीसी. त्यावर किंग ऑफ फायटर्स (केओएफ) ९७ आणि २००२. त्या पीसीभोवती बसणारी माणसं बहुतेक पस्तिशीच्या पुढची, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये निओ जिओच्या मशीनवर नाणी टाकून शिकलेली. म्हणजे २०२४च्या आधीही गटात जुनं-नवं होतंच, पण भांडण नव्हतं, कारण दोघांना आपापली जागा होती.

भांडण सुरू झालं तेव्हा बोलणं सगळं खेळाच्या गुणदोषांचं होतं. एक बाजू म्हणायची, टेकन ८मध्ये बचावाला किंमत उरली नाही. दुसरी म्हणायची, सात वर्षं एकच खेळ झाला, आता पुढे चला. दोन्ही मतांत तथ्य आहे. तरी आमच्या मते खरी ओढाताण स्टेशन (म्हणजे एक यंत्र, एक स्क्रीन आणि खेळणाऱ्यांची जागा), तास आणि शिकवणारी माणसं या तीन गोष्टींची होती.

यंत्रांचा हिशोब

टेकन ७ पीएस४वर चालतो. टेकन ८ पीएस४वर निघालाच नाही. तो पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीपुरता आहे. स्ट्रीट फायटर ६ जून २०२३मध्ये आला तेव्हा हा त्रास झाला नव्हता, कारण तो पीएस४वरही निघाला होता. ज्याला खेळायचा होता त्याने त्याच कन्सोलवर टाकला आणि खेळला. टेकनच्या बाबतीत मात्र गटाची चारही यंत्रं एका दिवसात नव्या खेळासाठी निरुपयोगी झाली. सुरुवातीला एका सदस्याचा पीएस५ मिळाला, काही आठवड्यांनी दुसरा आला, आणि लाउंजच्या मालकाने खालचे दोन गेमिंग पीसी रविवारपुरते वर आणू दिले.

पीसीवर पहिली अडचण आली ती वेगाची. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, बांधलेला असतो, एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. गोळीबाराच्या खेळात फ्रेम कमी झाल्या तर चित्र अडखळतं, टेकनमध्ये खेळच संथ होतो. मग कॉम्बोचा (सलग जोडलेल्या वारांचा) हातात बसलेला ठेका चुकतो आणि एरवी न दिसणारा, पायावर येणारा लो किक डोळ्याला दिसायला लागतो. अशा स्टेशनवरचा निकाल खरा धरता येत नाही. टेकन ८ला किमान जीटीएक्स १०५० टीआय, ८ जीबी रॅम आणि डिस्कवर सुमारे १०० जीबी जागा लागते. किमान म्हणजे सगळी सेटिंग्ज खाली आणल्यावर. तपासायची पद्धत अशी: रेंडर स्केल (चित्राची बारकाई) आणि इफेक्ट्स खाली आणा, व्हर्सस मोडमध्ये जास्तीत जास्त गडबड असलेला स्टेज घ्या, दोन्ही पात्रांचे हीट आणि रेज आर्ट हे खास डाव वापरून दोन मॅच पूर्ण खेळा, कोपऱ्यात फ्रेमचा आकडा चालू ठेवा. ६०च्या खाली एकदाही गेला तर आणखी खाली आणा. चित्र कसं दिसतं याची चिंता प्रेक्षकांच्या स्टेशनवर करावी.

दुसरी अडचण विजेची, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. चार पीएस४ आणि एक साधा पीसी एका एक्स्टेंशनवर वर्षानुवर्षं चालत होते. नव्या मांडणीत दोन गेमिंग पीसी प्रत्येकी साडेतीनशे वॉट धरले, दोन पीएस५ प्रत्येकी दोनशे, दोन पीएस४ प्रत्येकी सव्वाशे, कोपऱ्यातला पीसी शंभर, सात मॉनिटर प्रत्येकी तीस, तर बेरीज सुमारे १,६६० वॉट होते. घरगुती ६ अँपियरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १,३८० वॉट. पहिल्याच रविवारी मॅच चालू असताना एमसीबी पडला आणि सगळी स्टेशनं एकदम बंद झाली. उपाय सोपा आहे: पीसी एसीच्या १६ अँपियर पॉइंटवरून जाड वायरच्या बोर्डवर घ्या, कन्सोल वेगळ्या सर्किटवर ठेवा. पण तो आदल्या दिवशी करायचा असतो.

पॅडचंही बघावं लागतं. पीएस४चा ड्युअलशॉक पीएस५वर फक्त पीएस४च्या खेळांना चालतो, टेकन ८ला नाही. पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून चालतो. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनाच पॅड होता त्यांच्या मॅच पीसीवर लावाव्या लागल्या आणि पीएस५ रिकामे राहिले. शिवाय वायरलेस पॅड उठताना डिसकनेक्ट केला नाही तर पिशवीत बटण दाबलं जातं आणि भलत्याच मॅचमध्ये पॉज येतो. गटाने नंतर पॅड वायरनेच जोडायचा नियम केला.

पहिली मांडणी: दोन्ही खेळ बरोबरीने

फेब्रुवारीत आयोजकांनी दोघांनाही खूश ठेवायचं ठरवलं. टेकन ७ दोन स्टेशनवर, टेकन ८ दोन स्टेशनवर, दोन्ही ब्रॅकेट (बाद फेऱ्यांचे तक्ते) एकाच वेळी, डबल एलिमिनेशन, म्हणजे दोनदा हरला की बाद. टेकन ७ला सोळा नावं, टेकन ८ला वीस, आणि त्यांत दहा जण दोन्हीकडे.

कागदावर हे बसत होतं. डबल एलिमिनेशनमध्ये मॅचची संख्या खेळाडूंच्या दुपटीतून दोन वजा, म्हणजे सोळा जणांना ३० आणि विसांना ३८. ग्रँड फायनलमध्ये लूझर्समधून (एकदा हरलेल्यांच्या फळीतून) आलेला जिंकला तर एक वाढते. टेकनचा दोन विजयांचा सेट, बसणं आणि बटणं लावणं धरून १० मिनिटं. ३८ मॅच दोन स्टेशनवर म्हणजे ३ तास १० मिनिटं. खोली सात तास हातात.

प्रत्यक्षात दोन गोष्टींनी घात केला. पहिली, सामाईक दहा खेळाडू. एखाद्याचं नाव टेकन ८वर पुकारलं की तो टेकन ७च्या मॅचमध्ये असायचा. तो मोकळा होईपर्यंत प्रतिस्पर्धी थांबला, स्टेशन थांबलं, आणि त्या निकालावर अवलंबून असलेली पुढची मॅचही थांबली. दुसरी, त्या रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक होता. साधारण अकरा ते चार गाड्या बंद म्हटल्यावर ठाण्याची मंडळी ऐरोलीमार्गे बसने आणि रिक्षाने दीडनंतर पोचली. ब्रॅकेट पावणेदोनला सुरू झाले. सात वाजता टेकन ८चे शेवटचे सेट बाकी होते आणि लाउंजवाल्याला खोली हवी होती.

त्याहून मोठं नुकसान असं, की दिवसभरात एकही स्टेशन मोकळं नव्हतं. फायटिंग गेमच्या भेटीत माणूस शिकतो तो ब्रॅकेटच्या बाहेर, हरल्यावर त्याच प्रतिस्पर्ध्यासोबत पुन्हा बसून. पहिल्यांदाच आलेली पोरं दोन सेट हरून चार तास भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांतली बरीच मार्चमध्ये आली नाहीत.

दुसरी मांडणी: फक्त नवा

मार्चपासून टेकन ७ काढून टाकला. युक्तिवाद असा होता की सगळं जग पुढे गेलं, मोठ्या स्पर्धाही टेकन ८च्याच होणार, मग इथे सराव जुन्याचा कशाला? वेळापत्रक सुधारलं, खोली वेळेत रिकामी व्हायला लागली. मे संपेपर्यंत मात्र टेकन ७चे सहा-सात जुने खेळाडू यायचे थांबले होते.

ते का थांबले याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. काहींचं पात्रच नव्या खेळात नव्हतं. प्रकाशनाच्या वेळी टेकन ८मध्ये ३२ पात्रं होती. लिडिया जुलैत आली, ॲना तर २०२५मध्ये. पाच वर्षं एकच पात्र हाताळलेल्या माणसाला दुसरं घे म्हणणं सोपं असतं, पण हात मागचेच वार दाबतो. काहींना घरी पीएस५ घेणं परवडत नव्हतं, आणि महिन्यातून एकदा खेळून नवा खेळ हातात येत नाही. काहींना हीट आवडला नाही. प्रत्येक राउंडमध्ये एकदा मिळणारा, सुमारे दहा सेकंदांचा तो टप्पा असतो; त्यात ब्लॉक करूनही थोडी एनर्जी जाते. मागे सरकत, समोरच्याचा वार हुकवून मग मारणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं हे खरं आहे. ही तक्रार म्हातारपणाची म्हणून उडवून लावणं चूक होतं.

जूनमध्ये परिणाम दिसला तो नव्या खेळाडूंच्या खेळात. त्यांचे कॉम्बो लांब आणि स्वच्छ होते, व्हिडिओ बघून घोटलेले. पण समोरच्याची हॉपकिक (उडी मारून घातलेली लाथ) ब्लॉक केल्यावर ते नुसते उभे राहायचे. बहुतेक पात्रांची हॉपकिक ब्लॉक झाली की मारणारा १३ फ्रेम मागे राहतो, म्हणजे समोरच्यापेक्षा तेवढा उशिरा सावरतो. दहा फ्रेमचा जॅब (साधा ठोसा) हमखास लागतो, आणि पात्राकडे बारा-तेरा फ्रेमचा वार असेल तर तोच मारायचा. हे टेकन ७मध्येही असंच होतं. लो स्ट्रिंगच्या (पायावरच्या वारांच्या मालिकेच्या) मध्यात बसून लाँच करणं (हवेत उडवणं), कमांड थ्रोमध्ये (पकडून आपटण्याच्या डावात) कोणता हात पुढे आला ते बघून १ (डावा हात), २ (उजवा) की १+२ दाबणं, कुठल्या बाजूला साइडस्टेप घ्यायची हे ओळखणं, सगळं जुन्यातून नव्यात जसंच्या तसं येतं. टेकन ८च्या रिप्लेमध्ये पनिश (ब्लॉकनंतरचा उलटा वार) कुठे चुकला ते दाखवणारी सोय आहे आणि ती चांगली आहे. पण ती चूक झाल्यावर दाखवते. “आता तो हीच स्ट्रिंग परत मारणार, बस खाली,” असं खांद्यामागून सांगणारा माणूस गट सोडून गेला होता.

कोपऱ्यातला पीसी

या सगळ्या गोंधळात केओएफचं स्टेशन निर्धास्त चालू होतं, आणि तिसऱ्या मांडणीचं सूत्र तिथेच सापडलं. त्याला ब्रॅकेट नव्हतं. नियम पार्लरचाच: हरला तो उठला. नावं पाटीवर, कुणीही लिहावं. एक माणूस त्या स्टेशनचा जबाबदार, पीसी तोच आणतो, तोच नेतो. ९७ची अधिकृत ग्लोबल मॅच आवृत्ती २०१८पासून स्टीमवर आहे, तिला जुना लॅपटॉपही पुरतो, आणि महिनोन्महिने तिच्यात काही बदलत नाही.

९७ हा तोल बिघडलेला खेळ आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. चिझुरू, दायमॉन, क्रिस ही पात्रं बाकीच्यांच्या कितीतरी वर, आणि काही कॉम्बो संपतच नाहीत. गटाचे घरचे नियम तीन ओळींचे: कोड टाकून मिळणारी ओरोची रूपं नाहीत, न संपणारा कॉम्बो सापडला तर सोडून द्यायचा, एकाच संघाने सलग तीन सामने जिंकले की त्यानेही उठायचं. एवढ्यावर तो सगळा दिवस चालतो. टेकनमधून बाद झालेली पोरं तिथे जाऊन बसतात, दायमॉनकडून चार वेळा आपटली जातात, आणि उड्या मारणं कमी करायला शिकतात. ही शिकवण कुठल्याही नव्या खेळात उपयोगी पडते.

तिसरी मांडणी

वादाच्या काळात दोन्ही बाजू इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेचे दाखले देत होत्या. इव्हो २०२४च्या मुख्य आठ खेळांत १९९९चा स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक होता, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू म्हणे की बाकीचे सात नवेच होते ना. दाखला खरा वाचला तर उत्तर त्यातच होतं: जुन्या खेळाला स्वतःची वेळ, स्वतःची स्टेशनं आणि मोजकी जागा दिली होती. (उलट बाजूचा दाखलाही आहे. हांगझोच्या आशियाई खेळांत सप्टेंबर २०२३मध्ये पदकं स्ट्रीट फायटर ५ची होती, तेव्हा ६ येऊन जवळपास चार महिने झाले होते. संघांनी तयारी ज्याची केली तो खेळ ठेवावा लागतो.)

ऑगस्ट २०२४पासून गटाने पुढचं वेळापत्रक घेतलं. साडेअकराला चार माणसं येऊन मांडणी करतात. साडेबारा ते पावणेदोन टेकन ७, दोन पीएस४वर, फक्त आठ नावं. आठ जणांना १४ मॅच, दोन स्टेशनवर सत्तर मिनिटं. जुना खेळ आधी ठेवायचा, हे आमच्या मते या मांडणीतलं सर्वांत महत्त्वाचं कलम आहे. शेवटी ठेवला की आधीच्या ब्रॅकेटचा सगळा उशीर त्याच्यावर येतो, ठाण्याची माणसं गाडीसाठी उठतात, आणि दोन महिन्यांत “कुणी येतच नाही” म्हणून तो बंद पडतो. त्याच वेळात टेकन ८ची चार स्टेशनं नवख्यांसाठी मोकळी असतात, आणि टेकन ७मधून बाद झालेला जुना खेळाडू आपोआप त्यांच्याकडे वळतो.

दोन वाजता टेकन ८, चार स्टेशन, चोवीस नावांपर्यंत. ४६ मॅच, हिशोबाने ११५ मिनिटं. पण इतका वेळ कधीच पुरत नाही, आणि त्याचं कारण आयोजकांनी समजून घ्यावं. शेवटच्या फेऱ्या एकामागून एकच खेळता येतात. चोवीस जणांच्या ब्रॅकेटमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्याला शेवटपर्यंत जायला अंतिम फेरी धरून नऊ-दहा सेट ओळीने खेळावे लागतात, म्हणजे स्टेशनं कितीही वाढवली तरी दीड तासाच्या खाली जाता येत नाही. त्यात पुकारणं, पाणी, बटणं धरून पावणेतीन तास धरायचे. पावणेपाचला ब्रॅकेट संपतो. पुढचे सव्वादोन तास कुणाचेच नाहीत: फर्स्ट टू टेन (आधी दहा जिंकेल तो विजयी), केओएफ, ज्याला जे हवं ते.

टेकन ७ची दोन स्टेशनं दुपारी दोननंतरही उचलायची नाहीत. पहिल्या महिन्यात एका आयोजकाने जागा व्हावी म्हणून ती आवरली, आणि चार जण अडीचच्या गाडीने परत गेले.

मेगाब्लॉकचं वेळापत्रक रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. ट्रान्स-हार्बर त्यात असेल तर दोन्ही ब्रॅकेट पाऊण तास पुढे सरकतात, क्रम तोच राहतो. अपडेट शुक्रवारी रात्री करायचे; रविवारी सकाळी लाउंजच्या वायफायवर चार यंत्रं काही जीबी उतरवायला लागली की दुपार जाते. आणि चारही स्टेशनवर आवृत्ती एकच आहे ना, हे मुख्य स्क्रीनवर वाचून बघायचं.

टेकन ७ किती दिवस ठेवायचा यालाही अट आहे, जुन्या खेळाडूंनीच सुचवलेली. सलग दोन महिने सहापेक्षा कमी नावं आली तर ब्रॅकेट बंद, पण एक स्टेशन केओएफसारखं चालू. अट आधी ठरल्यामुळे दर महिन्याचा वाद थांबला.

एप्रिल २०२५

टेकन ८चा दुसरा सीझन १ एप्रिल २०२५ला आला. हल्ल्याला आणखी बळ आणि बचाव आणखी अवघड, अशी तक्रार जगभर उठली. स्टीमवर नकारात्मक मतांचा पूर आला आणि कंपनीला पाठोपाठ दुरुस्त्या कराव्या लागल्या. वाशीत त्या महिन्यात टेकन ७ची आठ नावं पहिल्या दहा मिनिटांत भरली, आणि त्यांत तिघे असे होते ज्यांनी आधी कधी टेकन ७ला हात लावला नव्हता.

इथे एक गोष्ट नव्या बाजूच्या लोकांना पहिल्यांदा जाणवली. त्यांना टेकन ८चा आदल्या वर्षीचा अवतार खेळायचा होता आणि ऑनलाइन तो कुठेच उरला नव्हता. अपडेट आला की मागचा खेळ जातो. टेकन ७ला शेवटचा अपडेट येऊन गेला आहे, ९७ तर ९७चाच आहे. जुना खेळ निवडणाऱ्याला उद्या सकाळी आपलं पात्र वेगळं झालेलं असेल ही भीती नसते, आणि या कारणाला आता नवी बाजूही मान देते. दुरुस्त्यांनंतर बहुतेक जण टेकन ८वर परतले. तिघांपैकी दोघे दोन्ही खेळतात. जागा आधीपासून असल्यामुळे कुणाला गट सोडावा लागला नाही.

उरलेलं काम यंत्रं सांभाळण्याचं आहे. टेकन ७च्या डिस्कमध्ये नंतरची पात्रं नसतात. लीरॉय, फाकुमराम, कुनिमित्सू हे सगळे विकत घेतलेल्या खात्याला बांधलेले. एक खातं एकाच पीएस४वर प्रायमरी (मुख्य) करता येतं, आणि प्रायमरी नसलेलं यंत्र इंटरनेट गेल्यावर ती पात्रं कुलूपबंद करतं. म्हणून दोन यंत्रांना दोन खाती लागतात, आणि ती दोघांनी आपापल्या यंत्रावर प्रायमरी ठेवलेली असावी लागतात. गीस दुसऱ्या कंपनीकडून आला, नॉक्टिस आणि नेगन आणखी दोघांकडून. असे परवाने संपले की खेळ किंवा पात्र दुकानातून काढलं जातं. अल्टिमेट मार्व्हल व्हर्सस कॅपकॉम ३ असाच २०१३च्या शेवटी काढला होता. गटाने दोन्ही पीएस४वर सगळी पात्रं उतरवून, वायफाय बंद करून, प्रत्येक पात्र एकदा निवडून पाहिलं आहे, आणि ही तपासणी दर तीन महिन्यांनी होते. तिसरा पीएस४ सुट्या भागांसाठी ठेवला आहे, कारण सगळ्यात आधी एचडीएमआय पोर्ट सैल होतो. चौथा नेरूळच्या एका खेळाडूकडे आहे. त्याच्याकडे घरी टेकन ७ खेळायला दुसरं काही नाही.